वाचक विचारतात : गरोदरपणात फ्लूची लस घ्यावी का?

या महिन्याच्या टपालात गरोदरपणातल्या फ्लूच्या लशीबद्दल बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. उत्तरं वाचताना शेजारी कॅलेंडर असू द्या, कारण बहुतेक निर्णय दोन तारखांवर ठरतात: पाऊस कधी सुरू होणार आणि बाळ कधी येणार.

मला पाचवा महिना पूर्ण होत आलाय, आज २० आठवडे झाले. तारीख सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातली आहे. डॉक्टरांनी फ्लूची लस सुचवली, पण सक्ती नाही म्हणाले. सासूबाई म्हणतात, आमच्या वेळी टीटीच्या दोन सुयांवर भागायचं. मी ठणठणीत आहे. खरंच गरज आहे का?
– एक वाचक, नाशिक

घ्या. आणि मे उलटायच्या आत घ्या.

सासूबाईंचं म्हणणं त्यांच्या काळापुरतं बरोबर आहे. तेव्हा ही लस आपल्याकडे सहज मिळतही नव्हती आणि ‘व्हायरल’ म्हणून ताप अंगावर काढला जायचा. २००९ मध्ये एच१एन१ हा नवा विषाणू आला, ज्याला आपण स्वाइन फ्लू म्हणतो. देशातला त्याचा पहिला बळी त्या वर्षी ऑगस्टमध्ये पुण्यात गेला. तो विषाणू गेलेला नाही. तो आता नेहमीच्या फ्लूपैकीच एक झाला आहे आणि बहुतेक वर्षी पावसाळ्यात डोकं वर काढतो. त्या साथीत अमेरिकेत ठेवलेल्या नोंदी पाहा: लोकसंख्येत गरोदर बायका साधारण १ टक्का, पण मृत्यूंमध्ये त्यांचा वाटा ५ टक्के. त्यातल्या अनेकजणी तुमच्यासारख्याच ठणठणीत होत्या.

असं का होतं, ते समजून घ्या. गर्भाशय वाढतं तसा छातीखालचा पडदा वर ढकलला जातो. श्वास सोडल्यावर फुप्फुसात जी हवा शिल्लक राहते ती शेवटच्या महिन्यांत जवळपास पाचव्या हिश्शाने कमी होते. उलट शरीराची ऑक्सिजनची गरज तेवढ्याच प्रमाणात वाढलेली असते. म्हणजे गाठीला शिल्लक कमी आणि रोजचा खर्च जास्त. अशात फुप्फुसात न्यूमोनिया झाला, तर एरवी तीन-चार दिवस तग धरणारी बाई दिवसभरात ऑक्सिजनवर जाऊ शकते. त्यात गरोदरपणात रोगप्रतिकारशक्तीची घडीही थोडी बदललेली असते.

ही झाली तुमची बाजू. बाळाची बाजू तितकीच मोठी आहे. सहा महिन्यांखालच्या बाळाला फ्लूची लस देता येत नाही, आणि फ्लूने सर्वात जास्त बेजार होतात ती हीच बाळं. त्यांना संरक्षण मिळण्याची वाट आईतून जाते. लस घेतल्यावर तुमच्या रक्तात तयार होणारी प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) वारेतून बाळाकडे उतरतात. बांगलादेशात ढाक्याला २००४-०५ मध्ये ३४० गरोदर बायकांवर याची चाचणी झाली. ज्या आयांनी फ्लूची लस घेतली होती त्यांच्या बाळांमध्ये, तपासणीत सिद्ध झालेला फ्लू ६३ टक्क्यांनी कमी आढळला. पुढे दक्षिण आफ्रिका, माली आणि नेपाळमध्येही अशाच चाचण्या झाल्या. आकडे थोडे वरखाली आले, दिशा तीच राहिली.

आता लशीची मर्यादा. ही काही शंभर टक्के कवच देणारी लस नाही. वर्षागणिक फरक पडतो, पण साधारण १०० पैकी ४० ते ६० आजार ती टाळते, आणि झालाच तर तो दवाखान्यात भरती होण्यापर्यंत जाण्याची शक्यता कमी करते. बाळाला मिळालेलं संरक्षणही पहिल्या दोन-तीन महिन्यांत सर्वात चांगलं असतं, नंतर ओसरत जातं.

तुमच्या तारखा मांडून पाहू. मेच्या पहिल्या आठवड्यात लस घेतली तर तेव्हा २३ आठवडे असतील. अंगात संरक्षण तयार व्हायला दोन आठवडे लागतात, म्हणजे मेच्या मध्यावर तुम्ही तयार. जून ते ऑगस्ट हे महाराष्ट्रातले फ्लू चढण्याचे महिने, आणि नेमका तेव्हाच तुमचा सातवा, आठवा, नववा. बाळ येईल तेव्हा पावसाळी लाट उतरणीला लागलेली असेल आणि त्याच्याकडे तुमची ताजी प्रतिपिंडं असतील. जानेवारी ते मार्च दरम्यान आपल्याकडे दुसरी लाट येते. तेव्हा बाळ चार-सहा महिन्यांचं असेल आणि त्याची शिदोरी आटत आलेली असेल. म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये घरातल्यांनी, म्हणजे नवऱ्याने आणि बाळाला मांडीवर घेणाऱ्या आजी-आजोबांनी, ही लस घ्यावी. सासूबाईंना पटवायला हाच मुद्दा उपयोगी पडेल: लस त्यांच्या नातवंडासाठी आहे.

काहीजणी विचारतात, बाळाला जास्त मिळावं म्हणून आठव्या महिन्यापर्यंत थांबावं का? तुमच्या बाबतीत नको. आठवा महिना भर पावसात येतो. तोवर थांबलात तर जोखमीचे दिवस उघड्यावर जातील.

सात आठवडे झालेत. मागच्या वर्षी दुसऱ्या महिन्यातच गर्भपात झाला होता. मैत्रीण म्हणते, तीन महिने भरेपर्यंत कुठलीच सुई टोचून घेऊ नकोस. डॉक्टर म्हणतात कधीही चालते. कुणाचं ऐकू?
– एक वाचक, सांगली

तुमची भीती अगदी समजण्यासारखी आहे, म्हणून थोडं सविस्तर.

दंडात टोचायची फ्लूची लस मारलेल्या विषाणूच्या तुकड्यांपासून करतात. ती अंगात वाढू शकत नाही, त्यामुळे तिच्यामुळे फ्लू होणंही शक्य नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्ये गरोदर महिलांना या लशीसाठी सर्वात पहिल्या प्राधान्याचा गट मानलं आणि ती कोणत्याही महिन्यात देता येते असं सांगितलं आहे.

मग भीती आली कुठून? २०१७ मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लागोपाठ दोन हंगाम एच१एन१ असलेली लस घेतलेल्या बायकांमध्ये, लस घेतल्यापासून महिन्याभराच्या आत गर्भपाताचं प्रमाण त्यात जास्त दिसलं होतं. आकडा छोट्या गटावरून काढलेला होता. त्याच संशोधकांनी पुढचे तीन हंगाम घेऊन, कितीतरी जास्त बायकांची माहिती तपासून २०१९ मध्ये पुन्हा हिशेब मांडला. तेव्हा लशीचा आणि गर्भपाताचा संबंध आढळला नाही. पहिली बातमी मोबाइलवर फिरत राहिली, दुसरी फारशी पोहोचली नाही.

दुसरी गोष्ट योगायोगाची. कळून आलेल्या दर शंभर गर्भधारणांपैकी दहा-पंधरा गर्भपाताने संपतात, बहुतेक पहिल्या बारा आठवड्यांत, आणि बऱ्याचदा कारण गर्भाच्या गुणसूत्रांतच असतं. या काळात काहीही केलं, अगदी देवदर्शनाला जाऊन आलं, तरी त्यानंतर काहींचा गर्भपात होणारच असतो. त्या आधीच्या गोष्टीला दोष लागतो आणि बाईला आयुष्यभर वाटत राहतं की आपण ती सुई घ्यायला नको होती. आपल्याकडचे बरेच डॉक्टर तीन महिन्यांनंतर, काही तर २६ आठवड्यांनंतर लस देतात. पहिल्या तीन महिन्यांत थांबण्यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं.

तुमच्यासाठी आमचं मत असं: आत्ता एप्रिल आहे, साथ नाही. मेच्या शेवटी तुमची एनटी सोनोग्राफी (बाळाच्या मानेमागची जाडी बघणारी) होईल, साधारण १२-१३ आठवड्यांना. ती नीट आली की त्याच आठवड्यात लस घ्या. पाऊस लागायच्या आत काम होईल आणि मनाला रुखरुखही राहणार नाही. पण याच पत्रावर तारीख जुलैची असती, किंवा घरात कुणाला फ्लू झालेला असता, तर सातव्या आठवड्यातही ‘आजच घ्या’ असंच सांगितलं असतं. पहिल्या महिन्यांतला सडकून ताप हा स्वतःच बाळाच्या मज्जारज्जूच्या घडणीला जोखमीचा असतो.

डॉक्टरांनी चिठ्ठीवर फक्त ‘फ्लू व्हॅक्सिन’ लिहिलंय. मेडिकलवाल्याने विचारलं, तीन घटकांची देऊ की चार घटकांची? शिवाय एक स्वस्त, नाकात मारायची पण असते म्हणे. कुठली आणायची?
– एक वाचक, पुणे

नाकात फवारायची अजिबात नको. पुण्यातल्याच सीरम इन्स्टिट्यूटने २०१० मध्ये अशी लस आणली होती, म्हणून तिचं नाव इथे लोकांच्या कानावर आहे. तिच्यात क्षीण केलेला पण जिवंत विषाणू असतो, आणि जिवंत विषाणूच्या लशी गरोदरपणात देत नाहीत. गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्यांच्या लशीलाही हाच नियम. तुम्हाला हवी ती ‘इनॅक्टिव्हेटेड’, म्हणजे मारलेल्या विषाणूची, दंडाच्या स्नायूत टोचायची, ०.५ मिलिलिटरची.

तीन की चार, यात अडकू नका. तिन्ही-चारही घटक म्हणजे विषाणूंचे प्रकार: दोन ‘ए’ गटातले (एच१एन१ आणि एच३एन२), आणि ‘बी’ गटातला एक किंवा दोन. ‘बी’मधला यामागाटा हा प्रकार मार्च २०२० नंतर जगात कुठेही खात्रीने सापडलेला नाही, म्हणून सप्टेंबर २०२३ पासून जागतिक आरोग्य संघटना तो वगळायला सांगते आहे. चार घटकांची लस मिळाली तरी चालेल, तीन घटकांची मिळाली तरी तुमचं काही कमी होत नाही. किमतीत फरक असेल तर त्यावर ठरवा.

खरं पाहायचं ते खोक्यावरचं वर्ष. खोकं हातात घ्या आणि बाजूची पट्टी वाचा. तिथे विषाणूंची नावं छापलेली असतात, ‘ए’ नंतर एखाद्या ठिकाणाचं नाव, मग आकडे. तिथेच हंगाम लिहिलेला असतो. एकच वर्ष असेल तर ती दक्षिण गोलार्धासाठी बनवलेली. २०२४-२०२५ असं जोडवर्ष असेल तर उत्तर गोलार्धाची. आपण नकाशावर उत्तर गोलार्धात असलो तरी आपला मुख्य फ्लू पावसाळ्यात येतो. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये बाजारात येणारी चालू वर्षाची दक्षिणेची लस आपल्याला वेळेवर पडते. ऑक्टोबरनंतर घेणार असाल तर नवी उत्तरेची घ्या. मेच्या शेवटी दुकानात फक्त गेल्या हिवाळ्याचा साठा असेल आणि मुदत संपलेली नसेल, तर नव्या मालाची वाट पाहत जून घालवण्यापेक्षा तीच घ्या. दोन्हींतले घटक पुष्कळदा सारखेच असतात.

मुदतीची तारीख मात्र न चुकता बघा. या लशीचं आयुष्य एकाच हंगामाचं असतं, मुदत संपलेला माल कपाटात राहिला असेल तर तो टाकाऊच.

आता सर्वात जास्त बिघडतं ते इथे: दुकानातून दवाखान्यापर्यंतच्या प्रवासात. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवी. मे महिन्यात पिशवीत टाकून, दोन तास रिक्षा-बसने फिरून नेली तर ती तापते. याच्या उलट चूकही होते. दुकानदार बर्फाच्या खड्यांत खोकं खोचून देतो आणि सिरिंज गोठते. गोठलेली लस वितळली की नेहमीसारखीच दिसते, पण तिचा भरवसा राहत नाही, ती फेकायची असते. बर्फाची पिशवी आणि खोकं यांच्यामध्ये जाड कापड किंवा वर्तमानपत्राचे चार-पाच पदर हवेत. रात्रभर घरी ठेवायची वेळ आली तर फ्रिजच्या मधल्या फळीवर ठेवा, दारात नको (सारखं उघडतं, गरम होतं) आणि बर्फाच्या कप्प्याला टेकूनही नको. त्याहून सोपं, दवाखान्याला आधी फोन करून विचारा: ‘लस तुमच्याकडे फ्रिजमध्ये असते का?’ असली तर तिथेच घ्या. खाजगीत साधारण दीड-दोन हजार रुपये लागतात, दर आधी विचारून ठेवावा.

टोचताना: सिस्टर सिरिंज हलवून घेतात ना, ते पाहा. सैल बाहीचा ब्लाउज किंवा कुर्ता घाला, कारण सुई खांद्याच्या हाडाखाली दोन-तीन बोटं, दंडाच्या भरलेल्या भागात जायला हवी. बाही वर सरकत नसली की सुई फार वर टोचली जाते आणि खांदा आठवडेच्या आठवडे दुखतो. शेवटच्या महिन्यांत डाव्या कुशीवर झोपत असाल तर उजव्या दंडात मागून घ्या. काहीतरी खाऊन जा, बसून घ्या, नंतर १५ मिनिटं तिथेच थांबा. चक्कर आल्यासारखं वाटलं तर उताणं न पडता डाव्या कुशीवर आडवं व्हा. लशीचं नाव, बॅच नंबर आणि तारीख माता-बाल संरक्षण कार्डावर लिहून घ्या.

एक-दोन दिवस दंड दुखेल, थोडी कणकण येईल. ताप वाटला तर पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅमची गोळी चालते. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा निमेसुलाइड असलेली ‘अंगदुखीची’ गोळी घेऊ नका.

आम्ही खेडेगावात राहतो. सरकारी दवाखान्यात ही लस फुकट मिळते का? आशाताई म्हणतात, तुझ्या दोन्ही सुया झाल्यात.
– एक वाचक, कोल्हापूर जिल्हा

आशाताई ज्या दोन सुया म्हणतात त्या टीडीच्या, म्हणजे धनुर्वात आणि घटसर्पाच्या. पूर्वीच्या टीटीच्या जागी त्या आल्या. नाव लागल्यावर पहिली, चार आठवड्यांनी दुसरी, आणि आधीच्या बाळंतपणात दोन्ही झाल्या असून तीन वर्षांच्या आत पुन्हा दिवस राहिले तर एकच. त्या हव्यातच. फ्लूशी त्यांचा काही संबंध नाही.

फ्लूची लस राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात नाही, म्हणून ती प्रत्येक उपकेंद्रात मिळत नाही. महाराष्ट्राच्या आरोग्य विभागाने मात्र २०१५ च्या स्वाइन फ्लूच्या साथीनंतर, दुसऱ्या आणि तिसऱ्या तिमाहीतल्या गरोदर महिलांना ही लस मोफत द्यायला सुरुवात केली. अडचण असते साठ्याची. त्यामुळे गावातल्या केंद्रावर ‘नाही’ म्हटलं की तिथेच थांबू नका. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय किंवा जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात फोन करून विचारायला आशाताईंनाच सांगा. विचारताना ‘गरोदर मातेसाठी इन्फ्लुएन्झाची लस’ असं म्हणा. नुसतं ‘सुई’ म्हटलं की समोरचा टीडीच समजतो. सोनोग्राफीसाठी तालुक्याला जाणार असाल त्याच दिवशी हे उरकता आलं तर एक खेप वाचेल.

ही लस अंड्यापासून बनते असं वाचलं. आम्ही पूर्ण शाकाहारी. आणि माझ्या जावेला तर अंड्याची ॲलर्जी आहे, तीही गरोदर आहे.
– एक वाचक, जळगाव

खरं आहे. बहुतेक फ्लूच्या लशींसाठी विषाणू कोंबडीच्या फलित अंड्यांत वाढवतात, मग तो मारून, गाळून शुद्ध करतात. शेवटी अंड्यातलं प्रथिन उरतं ते मायक्रोग्रॅमच्या अंशांत. परदेशात अंड्याशिवाय बनवलेल्या लशीही आहेत, आपल्याकडे सर्रास मिळते ती अंड्यावरचीच. खाण्याचं पथ्य औषधाला लावायचं की नाही, हे तुमच्या श्रद्धेचं आहे आणि ते तुम्हीच ठरवा. फक्त ते माहिती असून ठरवा, एवढंच आम्ही सांगू.

जावेला ॲलर्जी असली तरी लस घेता येते. अंड्याने अंगावर गांधी उठण्यापासून श्वास लागण्यापर्यंत काहीही झालं असलं, तरी आता ते लस नाकारायचं कारण मानत नाहीत. फक्त त्यांनी ती नीट सोय असलेल्या दवाखान्यात घ्यावी, आधी सांगावं, आणि अर्धा तास थांबावं. खरी मनाई आहे ती आधीच्या फ्लूच्या लशीनेच जीवघेणी ॲलर्जी झाली असेल तर. लस घेतल्यापासून सहा आठवड्यांत गिलाँ-बारे, म्हणजे हातपाय लुळे पडण्याचा आजार झाला असेल तर घेण्याआधी डॉक्टरांशी सविस्तर बोलायला हवं.

मला दमा आहे, रोज पंप घेते. शिवाय रक्त पातळ करायची इंजेक्शनं चालू आहेत आणि रक्तगट निगेटिव्ह असल्याने अँटी-डी पण घ्यायचंय. डांग्या खोकल्याची लसही सांगितली आहे. एवढं सगळं एकत्र कसं?
– एक वाचक, ठाणे

दमा असेल तर फ्लूची लस इतरांपेक्षा जास्त गरजेची, आणि पंपाने तिला काहीच बाधा येत नाही. रक्त पातळ करणाऱ्या इंजेक्शनांमुळे लस थांबवू नका. टोचणाऱ्याला सांगा, बारीक सुई वापरतील. नंतर दोन मिनिटं जागा घट्ट दाबून धरायची, चोळायची नाही. पोटावर हेपरिन टोचून घेण्याच्या वेळेच्या थोडं आधी लस घेतली तर आणखी बरं. अँटी-डीचा या लशीवर परिणाम होत नाही. डांग्या खोकल्याची टीडॅप २७ ते ३६ आठवड्यांत देतात, ती आणि फ्लूची एकाच दिवशी चालतात, एक एका दंडात, दुसरी दुसऱ्यात. पण पाऊस जवळ असेल आणि टीडॅपला वेळ असेल, तर दोन्ही एकत्र घेण्याच्या सोयीसाठी फ्लूची पुढे ढकलू नका.

गेल्या वर्षी नोव्हेंबरमध्ये घेतली होती, तेव्हा दिवस राहिले नव्हते. आता पुन्हा?
– एक वाचक, नागपूर

हो. संरक्षण काही महिन्यांत उतरतं, विषाणूही बदलतो, आणि बाळाला द्यायला ताजी प्रतिपिंडं लागतात. प्रत्येक गरोदरपणात नव्याने.

आम्ही न्यू जर्सीत असतो. माझी तारीख जानेवारीची. आई-बाबा साताऱ्याहून डिसेंबरमध्ये येतील. त्यांनी तिकडे घ्यावी की इथे?
– एक वाचक, न्यू जर्सी

तुमचं गणित आमच्यापेक्षा वेगळं, तुमच्याकडे फ्लू थंडीचा. तुम्ही सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिथे घ्या. आई-बाबांनी साताऱ्यातच, निघायच्या किमान दोन आठवडे आधी घ्यावी, खोक्यावर जोडवर्ष असलेली. इतक्या तासांच्या विमानप्रवासातच लागण होऊ शकते, तिकडे पोहोचून घेतली तर बाळ येण्याच्या सुमारास जेमतेम लागू पडेल. बाबांना डांग्या खोकल्याची लस कधी दिल्याचं आठवत नसेल तर तीही याच खेपेला उरकावी.

लस घेतली होती, तरी सातव्या महिन्यात सर्दी-ताप आलाच. मग उपयोग काय झाला? आणि पुढच्या वेळी असं झालं तर किती दिवस वाट बघायची?
– एक वाचक, रत्नागिरी

पावसाळ्यातला प्रत्येक सर्दी-ताप फ्लूचा नसतो, आणि लस फक्त फ्लूवर चालते. शिवाय फ्लू असूनही तो घरच्या घरी बरा झाला असेल, तर तिने आपलं काम केलेलं असू शकतं.

वाट बघायची नाही. गरोदर बाईला ताप आणि त्यासोबत खोकला किंवा घसादुखी असेल, तर ती सरकारी नियमावलीत जोखमीच्या ‘ब’ गटात मोडते. स्वॅबच्या निकालासाठी न थांबता ऑसेल्टामिविर हे फ्लूवरचं औषध सुरू करायचं असं त्यात आहे: ७५ मिलिग्रॅमची कॅप्सूल सकाळ-संध्याकाळ, पाच दिवस. ४८ तासांच्या आत सुरू झालं तर उपयोग सर्वात जास्त. उशीर झाला तरी द्यायचं, विशेषतः तब्येत बिघडत असेल तर. गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्या आणि दोन दिवसांत बरं वाटलं तरी पाचही दिवस पूर्ण करा. मळमळ होत असेल तर जेवणानंतर घ्या. ताप खाली ठेवायला पॅरासिटामॉल, आणि पाणी, पेज, ताक भरपूर.

घरी बोटाला लावायचं ऑक्सिजन मोजण्याचं यंत्र असेल तर दिवसातून तीनदा बघा. आकडा ९५ च्या खाली आला, बोलता बोलता धाप लागली, छातीत दुखलं, थुंकीत रक्त दिसलं, ओठ-नखं निळसर झाली, गुंगी आली किंवा बाळाची हालचाल कमी झाली, तर रात्र असली तरी मोठ्या रुग्णालयात जा. जाताना लस कधी घेतली तो कागद आणि गोळी कधी सुरू केली ती वेळ सोबत ठेवा.

लस राहूनच गेली. बाळ आता वीस दिवसांचं आहे. अंगावर पाजत असताना घेता येते का? आणि मला फ्लू झाला तर पाजणं बंद करायचं का?
– एक वाचक, मडगाव

घेता येते, आजच घ्या. दुधात लशीमुळे काही वाईट उतरत नाही, थोडी प्रतिपिंडं मात्र उतरतात. वारेतून मिळालं असतं तेवढं ते नक्कीच नाही, पण तुम्ही आजारी पडला नाहीत तर बाळाला फ्लू देणारं सर्वात जवळचं माणूस कमी झालं. घरातल्या बाकीच्यांनाही याच आठवड्यात द्या.

फ्लू झालाच तर पाजणं बंद करू नका. मास्क लावा, पाजण्याआधी हात साबणाने धुवा, शिंकताना तोंड बाजूला वळवा. ऑसेल्टामिविर चालू असतानाही पाजता येतं. फारच अशक्तपणा असेल तर दूध काढून दुसऱ्या कुणाकडून वाटी-चमच्याने पाजा. बाळंतिणीला भेटायला येणाऱ्यांपैकी कुणी शिंकत-खोकत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा, त्याला वाईट वाटलं तरी चालेल.

बाळावर लक्ष ठेवा. तीन महिन्यांखालच्या बाळाला काखेत नुसता हात लावून ताप ठरवू नका, थर्मामीटर लावा. १००.४ अंश फॅरनहाइट किंवा वर दिसला, बाळ पीत नसेल, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल किंवा ते नेहमीपेक्षा सुस्त वाटत असेल, तर घरगुती काहीही न करता त्याच तासाला बालरोगतज्ज्ञांकडे घेऊन जा.